नेट आहे का? विचारू नका, करून बघा!

तुमच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये एक फंक्शन नक्की असणार. नाव काहीही असेल, ‘इज ऑनलाइन’, ‘चेक इंटरनेट’, ‘हॅज कनेक्शन’. काम एकच. ॲप उघडलं की नेट आहे का ते बघायचं. असेल तर पुढे जायचं, नसेल तर लाल अक्षरात ‘नो इंटरनेट’ असं दाखवून मोकळं व्हायचं. व्हायवाला एक्स्टर्नल सर विचारतात, ‘नेट गेलं तर काय होतं?’ तुम्ही वायफाय बंद करून दाखवता, लाल अक्षरं येतात, सर मान डोलवतात. झालं काम!

माझं म्हणणं जरा आगाऊ वाटेल, पण ऐका. त्या फंक्शनच्या भरवशावर काहीही ठरवू नका. कारण ते जो प्रश्न विचारतं, त्याला खरं उत्तरच नसतं.

हो म्हणजे नेमकं काय?

‘नेट आहे का’ हा प्रश्न आपल्याला एक वाटतो. मशीनसाठी तो चार-पाच प्रश्नांचा गुच्छ आहे. वायफायला जोडलेलो आहोत का? राऊटरने आयपी ॲड्रेस दिलाय का? राऊटरच्या पुढे बाहेरचं जग आहे का? डीएनएसला नावाचा पत्ता सापडतोय का? आणि ज्या सर्व्हरशी आपलं काम आहे तो जागेवर आहे का? घरासमोरचा रस्ता मोकळा आहे म्हणून कसारा घाटही मोकळा असेलच, असं कुणी म्हणतं का? आपलं फंक्शन मात्र तेच म्हणत असतं.

ब्राउझरचंच घ्या. वेबवाल्या पोरांचं लाडकं ‘नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन’. ते ‘फॉल्स’ म्हणालं तर बहुतेक वेळा खरं असतं. पण ‘ट्रू’ म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन कुठल्या तरी नेटवर्कला जोडलेलं आहे. ते नेटवर्क हॉस्टेलच्या बंद पडलेल्या राऊटरचंही असू शकतं. डॉट नेटमध्ये ‘गेट इज नेटवर्क अव्हेलेबल’ आहे. एखादं नेटवर्क इंटरफेस चालू दिसलं की ते ‘हो’ म्हणतं. आता तुमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल बॉक्स टाकलेलं असेल, तर त्याचं खोटं नेटवर्क कार्डसुद्धा चालूच दिसतं. म्हणजे वायफाय बंद, केबल काढलेली, तरी ॲपच्या मते नेट जोरात!

फ्लटरवाल्यांनो, हसू नका. तुम्ही जे ‘कनेक्टिव्हिटी प्लस’ वापरता, त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की या उत्तरावरून रिक्वेस्ट पाठवायची की नाही हे ठरवू नका. बनवणारेच सांगतायत. पण माहितीपत्रक वाचतो कोण? आपण थेट खालचा कोड कॉपी करतो.

मग पिंग करू की!

इथे वर्गातला हुशार मुलगा हात वर करतो. ‘पिंग मारायचा ना ८.८.८.८ ला! उत्तर आलं की नेट आहे.’

पिंग हे माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिलेलं छोटंसं टूल. नेटवर्कमध्ये बिघाड कुठे आहे ते शोधण्यासाठी लिहिलेलं, तुमचं ॲप चालवण्यासाठी नाही. आणि प्रोग्रॅम एकापेक्षा जास्त प्लॅटफॉर्मवर चालवायचा म्हटलं की त्याची खरी गंमत सुरू होते. विंडोजवर नुसतं पिंग म्हणालात तर ते चार वेळा टकटक करून थांबतं. लिनक्स आणि मॅकवर थांबतच नाही, कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच. किती वेळा करायचं ते सांगायला विंडोजवर ‘एन’ लिहायचं, लिनक्सवर ‘सी’. विंडोजवर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असा निरोप आला तरी कमांड ‘सगळं ठीक’ असा एक्झिट कोड देऊन मोकळी होऊ शकते. म्हणून कुणी स्क्रीनवरचा मजकूर वाचायला जातं, तर दुसऱ्या भाषेतल्या विंडोजवर तो मजकूरच वेगळा. जुगाडावर जुगाड, जुगाडावर जुगाड.

आणि मोठा लोचा वेगळाच. कित्येक कॉलेज आणि ऑफिसांच्या फायरवॉलवर पिंग बंद असतं. तिथे ब्राउझरवर सगळं व्यवस्थित चालतं, फक्त तुमचं ॲप ‘नो इंटरनेट’ म्हणून रुसून बसतं. जावाच्या ‘इज रीचेबल’चं असंच. त्याला पिंगची परवानगी नसेल तर ते समोरच्या मशीनच्या ७ नंबरच्या पोर्टवर टकटक करतं. आजकाल त्या दारावरची टकटक फायरवॉल गिळून टाकतात. सर्व्हर ठणठणीत, पण उत्तर ‘नाही’.

बरं, पिंगला उत्तर आलं तरी कळलं काय? गुगलचा डीएनएस सर्व्हर जिवंत आहे, एवढंच. तुमचं काम गुगलच्या डीएनएसशी आहे का? शेजारच्या काकू घरी आहेत, म्हणून आपली आईपण घरी असेल, असला हा तर्क.

मोठ्यांचंही फसतं

तुम्ही म्हणाल, विंडोज आणि अँड्रॉइड तर कोपऱ्यात बरोबर दाखवतात. ते कसं करतात? तेही एक छोटी परीक्षाच घेतात. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून एक इवलीशी टेक्स्ट फाइल मागवतं आणि आत ठरलेले शब्द आहेत का ते तपासतं. अँड्रॉइड गुगलच्या एका पत्त्यावर जातं आणि २०४ हा कोड, म्हणजे ‘ठीक आहे, पण द्यायला काही नाही’ असं रिकामं उत्तर येतं का ते बघतं. ॲपल एक पान उघडतं, ज्यावर ‘सक्सेस’ एवढंच लिहिलेलं असतं.

एवढा खटाटोप का? तर रेल्वे स्टेशनसारख्या वायफायसाठी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं, तेव्हापासून आपल्याला सवयच झाली. वायफायला जोडायचं, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग नेट. ओटीपी टाकेपर्यंत तुम्ही कुठलंही साधं पान मागितलंत तरी समोर लॉगिनचं पान येतं. साध्यासुध्या प्रोग्रॅमला वाटतं, उत्तर तर आलं, म्हणजे नेट आहे! म्हणून अँड्रॉइडने ६.० पासून दोन वेगळ्या पाट्या ठेवल्या आहेत. एक म्हणते, ‘हे नेटवर्क इंटरनेटसाठी आहे.’ दुसरी म्हणते, ‘आम्ही जाऊन बघितलं, खरंच पोचता येतं.’ कोड लिहिताना बरेचजण फक्त पहिलीच वाचतात.

आणि एवढं करूनही फसतं बरं का. मार्च २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर प्रॉक्सी वापरणाऱ्या, विशेषतः व्हीपीएनवरून काम करणाऱ्या काही मशीन्सवर ‘नेट नाही’ असं चिन्ह दिसायला लागलं. टीम्स आणि आउटलुकसारखी ॲप्स त्या मशीन्सवर नेटपर्यंत पोचेनात. आणि हे कधी, तर जग लॉकडाऊनमध्ये घरी बसून काम करायला लागलं त्याच दिवसांत! मायक्रोसॉफ्टला ३० मार्चला तातडीने वेगळं अपडेट काढावं लागलं. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांच्या तपासणीवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नसेल, तर आपल्या आठ ओळींच्या फंक्शनची काय कथा?

उलटी गोष्टही घडते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊनंतर व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक एकदम गप्प झालं, ते जवळपास सहा तास. बाकी इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. फेसबुकच्याच नेटवर्कमधल्या चुकीमुळे त्यांचे सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले होते. त्या रात्री कुठलंही ‘चेक इंटरनेट’ फंक्शन ‘हो’च म्हणालं असतं. आणि ते खरंही होतं. फक्त त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

विचारलं तेव्हा होतं हो!

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. समजा, एखादी अचूक तपासणी सापडली. ती म्हणाली ‘हो’. त्यानंतर अर्ध्या सेकंदाने तुम्ही फॉर्म पाठवला आणि तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली. मग? तपासलं तेव्हाचं उत्तर वापरायच्या वेळी शिळं झालेलं असतं. कॉम्प्युटर सायन्समध्ये या फटीला नावही आहे, ‘टाइम ऑफ चेक टू टाइम ऑफ यूज’. म्हणजे तपासूनही, पाठवताना चूक होऊ शकते हे धरून ती हाताळावीच लागते. आणि ती हाताळलीच, तर आधीची तपासणी कशाला हवी होती?

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या पीटर डॉइश यांनी १९९४ च्या सुमारास नेटवर्कबद्दलच्या गोड गैरसमजांची यादी केली होती. त्यातला पहिलाच गैरसमज, ‘नेटवर्क भरवशाचं असतं.’ तीस वर्षं झाली, आपण अजून पहिल्याच पायरीवर अडखळतोय.

हे कुणाच्या मुळावर येतं?

‘एवढं काय त्यात, एक मेसेजच तर चुकला,’ असं वाटत असेल तर थांबा. तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये, फायबरच्या वायफायवर ॲप बनवता. ते वापरणार कोण? समजा, मेळघाटातल्या एखाद्या गावातली मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतेय. शेवटची तारीख. रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी, तीही येऊनजाऊन. पाऊण तास खपून तिने वीस रकाने भरले, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडला, ‘सबमिट’ दाबलं. ॲपने तपासलं, त्या क्षणी रेंज नव्हती. लाल अक्षरं आली, ‘नो इंटरनेट’. ‘ओके’ दाबलं आणि फॉर्म कोरा!

सांगा बरं, यात चूक कोणाची? रेंजची? तिची? अजिबात नाही. नेटवर्क तसंच असतं, हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ॲप बनवणाऱ्याला. ‘नो इंटरनेट’ हा मेसेज नुसता चुकीचा नाही, तो हात झटकणारा आहे. सर्व्हर आपला पडलेला, टाइमआउट आपण नीट लावलेला नाही, आणि दोष जातो वापरणाऱ्याच्या रेंजला. ज्याचं नेट चांगलं त्याला हे कधी जाणवतच नाही. ज्याचं वाईट, त्याचीच मेहनत वाया जाते. म्हणून मी याला बारकीशी तांत्रिक चूक म्हणत नाही.

मग करायचं काय?

व्हॉट्सॲप उघडा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. आता मेसेज पाठवा. व्हॉट्सॲप तुम्हाला अडवतं का? नाही. मेसेज ठेवून घेतं, शेजारी छोटंसं घड्याळ दाखवतं आणि नेट आलं की स्वतः पाठवून एक टिक करतं. तुम्ही रोज वापरता ते गिट बघा. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी बनवलं. ‘कमिट’ करायला नेट लागतच नाही. काम आपल्या मशीनवर पक्कं होतं, ‘पुश’ नंतर सवडीने. हीच खरी रीत. आधी जवळ जपून ठेवायचं, मग पाठवायचं.

तुमच्या ॲपमध्ये हे पाच-सहा गोष्टींनी जमतं. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, कुठेही. आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टींना प्लॅटफॉर्मप्रमाणे वेगळा कोड लागत नाही.

एक, वापरणाऱ्याने भरलेलं सगळं आधी फोनवर किंवा लॅपटॉपवर लिहून ठेवा. एसक्यूलाइट आहे, ब्राउझरमध्ये इंडेक्स्ड डीबी आहे.

दोन, विचारत न बसता थेट खरं काम करून बघा. जी रिक्वेस्ट पाठवायची आहे तीच पाठवा. पोचली तर नेट होतं, एवढं साधं.

तीन, टाइमआउट लावा. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ला तुम्ही सांगितलं नाही, तर ती आपणहून कधी थांबत नाही, वाट बघत बसते. बंद पडलेल्या नेटपेक्षा रांगणारं नेट ॲप जास्त अडकवतं.

चार, चुका वेगळ्या ओळखा. नाव सापडलं नाही, दार उघडलं नाही, उत्तर आलं नाही, सर्व्हरच चुकला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जेसन मागितलं असताना वेबपेज आलं, तर समजा की मध्ये कुठलं तरी लॉगिनचं पान आडवं आलंय.

पाच, पुन्हा प्रयत्न करा, पण दम खात. आधी एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ, आणि त्यात थोडा मागेपुढेपणा. नाहीतर सर्व्हर उठल्या उठल्या हजारो फोन एकाच क्षणी त्याच्या अंगावर धावून जातील आणि तो पुन्हा झोपेल.

सहा, प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचा एक नंबर द्या. का? कारण उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही, असा होत नाही. फॉर्म पोचला असेल आणि फक्त पोच परत येताना हरवली असेल. यूपीआयवर पैसे अडकले की ॲप ‘पेंडिंग’ म्हणतं, ते याचसाठी. झालं आणि नाही झालं यांच्या मधे ‘अजून माहीत नाही’ अशी तिसरी अवस्था असते. तो नंबर असेल तर सर्व्हर ओळखतो, ‘हा आधीच आलाय’, आणि कुणाची फी दोनदा कापली जात नाही.

मग तपासणी अगदीच बिनकामाची?

नाही. ऑपरेटिंग सिस्टीम जे सांगते ते इशारा म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. ती ‘नेट आलं’ म्हणाली की रांगेतली कामं लगेच करून बघा. ती ‘नेट नाही’ म्हणाली तर वरती एक बारीक पट्टी दाखवा आणि प्रयत्न जरा लांबवा, बॅटरी वाचेल. व्हिडिओसारखं जड काही उतरवायचं असेल तर वायफाय आहे की मोबाइल डेटा, हे विचारणं योग्यच. डेटा पॅक त्याचा आहे. फक्त बटण बंद करून वापरणाऱ्याला दारातच अडवू नका. आणि दर सेकंदाला कुठल्या तरी परक्या सर्व्हरला पिंग तर मुळीच नको. बॅटरी वापरणाऱ्याची, सर्व्हर दुसऱ्याचा, आणि उत्तर तरीही शिळंच.

मेसेजही बदला. ‘नो इंटरनेट’ऐवजी लिहा, ‘सध्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही. तुमचा फॉर्म फोनमध्ये सेव्ह आहे, नेट मिळालं की पाठवू.’ खरं तेवढंच सांगायचं आणि समोरच्याच्या जिवाला घोर लावायचा नाही.

आता कुणी म्हणेल, ‘सर, सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, एवढं कोण करणार?’ मान्य, सहाही गोष्टी एका आठवड्यात होणार नाहीत. मग पहिल्या तीन करा. जपून ठेवा, करून बघा, टाइमआउट लावा. तेवढ्यानेही त्या टेकडीवरच्या मुलीचा फॉर्म वाचतो.

आणि हे जमलंय का ते बघायला लॅब लागत नाही, घोडामैदान जवळच आहे. मित्राला त्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायला सांगा आणि मोबाइल डेटा बंद ठेवायला सांगा. तुमचा फोन त्या हॉटस्पॉटला जोडा आणि स्वतःचाही डेटा बंद करा. वायफाय फुल्ल, नेट शून्य. आता तुमचं ॲप उघडा, सगळा फॉर्म भरा आणि ‘सबमिट’ दाबा. मग मित्राला डेटा चालू करू दे. फॉर्म तुम्ही पुन्हा न भरता, आपोआप आणि एकदाच पोचला, तर व्हायवाला खुशाल जा. एक्स्टर्नल सरांनी ‘नेट गेलं तर काय होतं?’ असं विचारलं, तर सांगा, ‘काही नाही सर, काम थांबत नाही.’